शतावरीची बी उगवत नाही? पुढचा उपाय करण्याआधी एक बी उकरून बघा

शतावरी बियांपासून लावायला घेतलेल्या जवळजवळ सगळ्यांची तक्रार एकच असते. बिया भिजवल्या, पेरल्या, नेमाने पाणी दिलं, महिना उलटला, पण मातीच्या वर काही दिसत नाही. मग पुढच्या खेपेला जास्त वेळ भिजवतात, त्याच्या पुढच्या खेपेला गरम पाण्यात, नंतर कवच घासून. दर वेळी उपाय नवा आणि निकाल तोच.

असं होतं, कारण 'बी उगवली नाही' या एका तक्रारीत निदान चार वेगवेगळ्या अडचणी लपलेल्या असतात आणि त्यांचे उपाय एकमेकांच्या उलटे आहेत. कवचातून पाणीच आत गेलं नसेल, तर त्या बीला ओल हवी. कुजायला लागलेल्या बीला तीच ओल मारते. गारठ्यामुळे थांबलेल्या बीला ऊब हवी. आणि जिने मातीखाली मूळ सोडलंय, तिला तुम्ही हात लावू नये एवढंच हवं. वरून बघितलं तर या चारही कुंड्या सारख्याच दिसतात. त्यामुळे एक बी उकरून, कापून बघितल्याशिवाय केलेला प्रत्येक उपाय हा अंदाजपंचेच. आणि सहसा हात जातो तो पाण्याच्या झारीकडे. शतावरीच्या बाबतीत सर्वांत जास्त नुकसान त्यानेच होतं.

मातीखाली नेमकं काय चालतं

शतावरीचं (अ‍ॅस्परॅगस रेसिमोसस) फळ लहान, गोल, रसदार असतं. ते पिकताना लाल होतं, पुढे काळपट पडतं. आत एक-दोन, क्वचित तीन काळ्या बिया निघतात. आकार साधारण मिरीएवढा, कवच कडक आणि ठिसूळ. कोरडी बी कापायला गेलात तर ब्लेड घसरतं, इतकी ती टणक असते. हा टणकपणा एकट्या कवचाचा नाही. आतला अन्नाचा साठाच शिंगासारखा घट्ट, पांढरट आणि किंचित पारदर्शक असतो. त्या साठ्यात बारीक दोऱ्यासारखा गर्भ रुतलेला असतो. वालाची बी सोलली की दोन जाड दलं हातात येतात, तसं इथे काही नसतं.

त्यामुळे उगवण्याची रीतही वेगळी. वाल उगवतो तेव्हा दलं मातीबाहेर येतात आणि आपल्याला लगेच समजतं. शतावरीची बी मात्र मातीतच राहते. आधी एक पांढरं मूळ बाहेर पडतं आणि सरळ खाली जातं. एकुलत्या एका बीजपत्राचं टोक बीच्या आतच राहून साठा शोषून घेत असतं. मूळ खाली नीट बसलं, की मग त्याच्या माथ्यापासून एक बारीक, टोकदार कोंब वर निघतो. मूळ फुटणं आणि कोंब दिसणं यांत आठवडा-दोन आठवडे सहज जातात. नेमक्या याच काळात माणसाचा धीर सुटतो. कोणी माती उकरतं, कोणी कुंडी ओतून त्यात दुसरं काही लावतं. ओतलेल्या मातीत मोडलेली पांढरी मुळं दिसली की खरंच वाईट वाटतं, कारण ती रोपं होणारच होती.

दुसरी गोष्ट तापमानाची. शतावरीची जवळची भावकी म्हणजे भाजीसाठी लावतात ते अ‍ॅस्परॅगस. त्याच्या उगवणीची मोजमापं नीट झालेली आहेत: मातीचं तापमान २५ अंश सेल्सिअस असेल तर साधारण १० दिवस, २० अंशांना १५ दिवस, १५ अंशांना २४ दिवस आणि १० अंशांना सात आठवड्यांहून अधिक. बी तीच, माती तीच, फरक फक्त उबेचा. आपली शतावरी याहून सावकाश चालते. उबदार मातीतही तिला तीन ते सहा आठवडे द्यायची तयारी ठेवा. गार मातीत ती किती काळ थांबेल याचा भरवसा नाही, आणि ओल्या गार मातीत थांबलेली बी म्हणजे बुरशीला आमंत्रण. म्हणून माझ्या मते पेरणीचा दिवस मातीचं तापमान बघूनच ठरवावा. २५ ते ३० अंशांच्या दरम्यान असेल तर पेरा, नसेल तर बी कोरडीच ठेवा. हवेचं नाही, मातीचं तापमान बघायचं. ओली कुंडी खोलीच्या हवेपेक्षा दोन-तीन अंश गार असू शकते.

उकरायची रीत

पेरतानाच कुंडीच्या एका कडेला पाच-सहा जास्तीच्या बिया टाका आणि तिथे काडी खोचून ठेवा. या बिया तपासणीसाठी. बाकीच्यांना हात लावायचा नाही. माती उबदार असेल तर तीन-चार आठवड्यांच्या आत तपासणीचीही गरज नसते.

उकरताना चमच्याच्या टोकाने बाजूने माती सैल करा आणि बी मातीच्या ढेकळासकट उचला. वरून बोट खुपसलं तर मूळ असलंच तर तुटतं. ते ढेकूळ पाण्याच्या वाटीत सोडलं की माती आपोआप सुटते. आता बी बोटांत धरून नखाने दाबा, आणि मूळ दिसत नसेल तर ब्लेडने मधोमध कापा.

मूळ दिसलं तर काम झालं. तीच बी मूळ खाली करून परत ठेवा, वर एक सेंटीमीटर माती घाला आणि कुंडी विसरून जा. कोंब दिसेपर्यंत पाण्याचं प्रमाणही वाढवू नका.

बी पेरली तशीच टणक असेल, ब्लेड घसरत असेल आणि आतला भाग कोरडा दिसत असेल, तर पाणी आत पोचलेलं नाही. जुनी किंवा फार वाळलेली बी असं करते. उरलेल्या बिया बाहेर काढून घासकागदाच्या घडीत धरा आणि हलक्या हाताने फिरवा. कवचाची चकाकी जाऊन ते मंद, खरबरीत दिसलं की थांबा. पांढरं दिसेपर्यंत घासलं तर बुरशीला दार उघडून दिल्यासारखं होतं. मग हाताला सोसेल इतक्या गरम पाण्यात टाकून ते तसंच निवू द्या. एकूण चोवीस तास भिजवा, मध्ये एकदा पाणी बदला. उकळत्या पाण्यात टाकायला काही जण सांगतात. कडक कवचाच्या काही शेंगवर्गीय बियांना ते चालतं, पण इथे आतला गर्भच शिजून जाईल. दोन-तीन दिवस भिजत ठेवणंही तितकंच वाईट. पाण्याखाली बीला हवा मिळत नाही, आणि फुगल्यावर तिला पाण्याइतकीच हवेची गरज असते.

बी फुगलेली आहे, कापल्यावर आत पांढरी, घट्ट, रबरासारखी लागते, वास काही नाही, पण मूळही नाही: ही बी जिवंत आहे आणि थांबलेली आहे. इथे फक्त ऊब आणि सबुरी. कुंडीवर पारदर्शक झाकण किंवा पिशवी घातली तर ऊब आणि ओल दोन्ही टिकतात. पण झाकलेली कुंडी थेट उन्हात ठेवू नका. आतलं तापमान बघता बघता चाळिशीच्या वर जातं आणि वाचवायला घेतलेली बी भाजून निघते. उजेडाची या टप्प्यावर गरजच नाही, शतावरी अंधारात छान उगवते. त्यामुळे सावलीतली उबदार जागा उत्तम. रात्री कुंडी जिथे गार पडते, ती जागा सोडा.

बोटांत दाबल्यावर बी चिरडली, आतून करडा किंवा दुधाळ लगदा आला, वास आला, तर ती कुजली. आता इथे एक प्रश्न स्वतःला विचारायला हवा: बी जिवंत होती आणि पाण्याने कुजली, की आधीच मेलेली होती आणि मातीत पडल्यावर साहजिकच सडली? मेलेली बी ओल्या मातीत सडणारच, त्याला तुमचं पाणी जबाबदार नाही. या दोन्हींतला फरक कुंडीत कळत नाही, त्यासाठी उरलेल्या बियांची कागदावरची चाचणी करावी लागते. ती पुढे सांगतो. माती मात्र दोन्ही वेळा बदला. सडलेल्या बियांच्या मातीत नवी पेरणी करणं म्हणजे त्याच रोगाला नवं खाद्य देणं.

नुसतं टरफल हाताला लागलं, आत पोकळी, तर फळ कच्चं तोडलेलं होतं किंवा बी भरलीच नव्हती. अशा बिया पाण्यात सहसा तरंगतात. पण एकट्या तरंगण्यावरून बिया फेकू नका. कोरड्या बीला चिकटलेले हवेचे बुडबुडे चांगल्या बीलाही वर धरून ठेवतात. आधी बोटांत चोळून ओली करा, काही तास पाण्यात राहू द्या, तरीही वरच राहिली तर त्यातल्या एक-दोन कापून खात्री करा.

बी सापडतच नाही, असंही होतं. वरून जोरात पाणी घातल्याने ती कडेला वाहून गेली असेल किंवा उंदराने, पक्ष्याने उकरून नेली असेल. कुंडीवर जाळी टाका, पाणी खालच्या ताटलीतून द्या, प्रश्न संपतो.

कागदावरची चाचणी

कुठल्याही नव्या बियाण्याची ही चाचणी मी पेरणीआधीच करायला सांगेन, कारण ती तुमचे दोन महिने वाचवते. वीस बिया चोवीस तास भिजवा. टिश्यू पेपरची दुहेरी घडी ओली करून घट्ट पिळा. घडी ओलसर असावी, पण दाबल्यावर पाणी निथळू नये. तीवर बिया एकमेकींना न टेकता मांडा, वर दुसरी घडी ठेवा आणि सगळं झाकणाच्या डब्यात घालून २५ ते ३० अंशांच्या जागी ठेवा. दर तिसऱ्या दिवशी डबा उघडून हवा खेळू द्या आणि बघा. एखादी बी मऊ पडली किंवा तिच्यावर बुरशीचे तंतू दिसले, की ती लगेच काढून टाका आणि कागद बदला.

सहा आठवड्यांनी हिशेब करा. वीसपैकी बारा-चौदांना मूळ फुटलं, तर बियाणं चांगलं आहे आणि कुंडीत जर काही उगवत नसेल तर दोष माती, पाणी किंवा तापमानाचा आहे. तीन-चारच फुटल्या, तर बियाणं जुनं आहे. मग तुम्ही कितीही घासा, भिजवा, त्यात फरक पडणार नाही. अशा वेळी एका रोपासाठी पाच-सहा बिया पेरायच्या किंवा ताजं बियाणं मिळवायचं. एकही फुटली नाही, तर पुढे त्या बियाण्यावर वेळ घालवू नका.

फुटलेल्या बिया वाया घालवायच्या नाहीत. मूळ एक-दीड सेंटीमीटरचं झालं की बी रोपांच्या मातीभरल्या पिशवीत लावता येते. यापेक्षा लांब होऊ दिलं तर ते कागदाच्या तंतूंत घुसतं आणि सोडवताना मोडतं. उचलताना बी धरा, मूळ कधीच नाही. ते इतकं ठिसूळ असतं की बोटाच्या दाबानेही टोक चेमटतं. कागदाला चिकटलंच असेल तर कागदाचा तेवढा तुकडा फाडून त्यासकट लावा, तो मातीत कुजून जातो. पेन्सिलीने भोक पाडून मूळ त्यात अलगद सोडायचं, वर सेंटीमीटरभर माती. फारशी दाबायची नाही.

माती आणि पिशवी

इथे थोडक्यात सांगतो, कारण यात अवघड काही नाही. दोन भाग पोयटा माती, एक भाग जाड वाळू, एक भाग चाळलेलं आणि पूर्ण कुजलेलं खत. कच्चं शेणखत नको, ते मातीत तापतं आणि बुरशीही आणतं. नुसत्या कोकोपीटमध्ये पेरणं मला पटत नाही. वरून ते कोरडं दिसतं आणि खाली चिंब असतं, त्यामुळे पाण्याचा अंदाज चुकतो. कोकोपीट वापरायचंच असेल तर त्यात निम्म्याने वाळू मिसळा. बी पेरायची खोली एक ते दीड सेंटीमीटर. पिशवी उथळ नको, निदान सहा इंच खोल हवी, कारण या वेलीची सगळी दौलत खाली असते आणि मूळ पहिल्या दिवसापासून खोल जायला बघतं. रोपांच्या उथळ ट्रेमध्ये ते तळाला टेकून गोल फिरतं आणि पुढे मुळ्यांचा झुबका नीट सुटत नाही.

कोंब आला आणि गेला

उगवण झाल्यावरची सर्वांत मोठी तक्रार म्हणजे 'काल होता, आज आडवा पडलाय'. इथेही आधी जवळून बघायचं, कारण आडवं पडण्याची कारणं तीन आणि तिघांची खूण वेगळी.

भिंग असेल तर उत्तम, नसेल तर फोनचा कॅमेरा जवळ नेऊन कोंबाचा मातीलगतचा भाग बघा. तिथे तो पिचून दोऱ्यासारखा बारीक झालाय, पाणी भरल्यासारखा तपकिरी दिसतोय आणि वरचा भाग अजून हिरवा आहे, तर ही रोपांची मर. पिथियम, रायझोक्टोनिया यांसारख्या मातीतल्या रोगजंतूंचं हे काम. एकदा बुंधा पिचला की तो कोंब वाचत नाही, पण शेजारचे वाचवता येतात. मेलेला कोंब भोवतालच्या मातीसकट काढा, पाणी थांबवा, झाकण असेल तर उघडा, वारा खेळता ठेवा. मातीचा वरचा थर वाळू द्या, त्यावर जाड वाळूचा पातळ थर पसरा. मातीभोवती काळी बारीक चिलटं उडत असतील, तर तीही जास्त ओलीचीच खूण. त्यांच्या अळ्या कोवळी मुळं कुरतडतात. वरची दोन सेंटीमीटर माती कोरडी राहू लागली की चिलटं कमी होतात.

आता समजा बुंधा ठणठणीत आहे, पण कोंब लांबलचक, फिकट आणि खिडकीकडे झुकलेला आहे. मग त्याला उजेड कमी पडतोय. उगवायला उजेड लागत नव्हता, पण कोंब वर आल्या दिवसापासून तो लागतो. सकाळचं कोवळं ऊन किंवा जाळीखालचा भरपूर उजेड द्या, दुपारचं कडक ऊन पहिले काही महिने टाळा.

आणि कोंब मध्येच कापल्यासारखा तुटलेला, टोक गायब, कुंडीच्या कडेवर वाळलेली चकाकती रेघ? ती गोगलगाय. रात्री बॅटरी घेऊन बघा, सापडेल. शतावरीचा कोवळा कोंब रसदार असतो आणि गोगलगायींना तो फार आवडतो. टोक गेलेला कोंब पुन्हा वाढत नाही. तरी रोप टाकून देऊ नका. मुळाच्या माथ्यावर पुढचा डोळा तयार असतो आणि बहुतेक वेळा काही आठवड्यांनी दुसरा कोंब येतो.

वाढ थांबली, पण रोप हिरवं आहे

ही खरं तर अडचणच नाही, तरी इतके लोक घाबरतात की सविस्तर लिहायलाच हवं. पहिला कोंब बोटभर, फार तर वीतभर वाढतो, बारीक सुयांसारख्या फांद्या पसरतो आणि थांबतो. आठवडे जातात, तो तसाच. मग त्याला खत घातलं जातं, द्रावणं फवारली जातात, कोणी शेंडा खुडतं.

शतावरीचा कोंब आंब्या-पेरूच्या रोपासारखा शेंड्याकडून वर्षानुवर्षं वाढत राहत नाही. प्रत्येक कोंबाची उंची त्याच्या खालच्या साठ्यावर ठरते. तो कोंब पसरला की अन्न तयार करतो, ते खाली मुळ्यांत साठतं, आणि त्या साठ्यावर पुढचा कोंब येतो, आधीच्याहून जाड आणि उंच. हा क्रम चालू राहतो. त्यामुळे वाढ मोजायची तर नव्या कोंबाच्या जाडीने मोजा. दुसरा कोंब पहिल्यापेक्षा जाड आला म्हणजे रोप योग्य मार्गावर आहे, मग उंची कितीही असो. याच कारणाने पहिला कोंब हिरवा आहे तोवर अजिबात कापू नका, खालचा साठा तोच भरतोय. खतही पहिल्या दोन-तीन कोंबांपर्यंत नको. कोवळ्या मुळांना त्याचा जाचच जास्त होतो.

जाड कोंब येऊ लागले की काठी किंवा सुतळीचा आधार द्या. हा वेल काकडीसारखे ताणे फेकत नाही. तो काट्यांच्या आकड्यांनी अडकत आणि खोडाने वळसे घेत चढतो, म्हणून गुळगुळीत पाइपपेक्षा खरबरीत काठी किंवा फांद्या असलेली वाळकी डहाळी त्याला सोयीची पडते.

सगळं पिवळं पडून गळालं

गारठ्याच्या किंवा फार कोरड्या दिवसांत शतावरीचा वरचा भाग पिवळा पडून गळू शकतो. वेल मेला समजून कुंडी रिकामी करणारे खूप, आणि त्या रिकाम्या केलेल्या कुंडीत धडधाकट मुळ्या निघतात. कुंडीच्या कडेने बोटभर उकरा आणि एक मुळी चाचपा. भरीव, घट्ट, फिकट पांढरट असेल तर वेल विश्रांती घेतोय. वाळलेलं कापून टाका, पाणी अगदी कमी करा, ऊब परतली की नवे कोंब येतील. मुळी तपकिरी, पिचपिचीत असेल, दाबल्यावर आतून पाणी येऊन नुसती साल हातात राहत असेल, तर ती कुजली. तेव्हा कुंडी ओता, खराब मुळ्या कापा, चांगल्या मुळ्या असलेला गड्ड्याचा तुकडा डोळ्यासह दिवसभर सावलीत सुकवा आणि कोरडसर वाळूमिश्रित मातीत लावा. विश्रांतीच्या काळात नेहमीइतकंच पाणी देत राहिलं की हमखास असं होतं.

रोप छान वाढलं, पण शतावरी नाही

ही तक्रार उशिरा कळते म्हणून जास्त बोचते. शोभेसाठी लावली जाणारी अ‍ॅस्परॅगसची रोपं शतावरी या नावानेच सर्रास दिली-घेतली जातात, आणि त्यांच्या बियाही काळ्या, गोल, टणकच असतात. केवळ बी हातात घेऊन खात्री देता येत नाही. रोप वाढल्यावर बघा. खऱ्या शतावरीत पानांचं काम करणाऱ्या हिरव्या सुया दोन ते सहाच्या झुबक्यांत येतात, किंचित वाकड्या, एक ते अडीच सेंटीमीटर लांब, आणि खोडावर स्पष्ट काटे असतात. जाळीदार, नेच्यासारखी आडवी सपाट पानोळी दिसली तर ते अ‍ॅस्परॅगस सेटॅशियस, पुष्पगुच्छांत वापरतात ते. खाली लोंबणाऱ्या फांद्या आणि चपट्या, जरा रुंद सुया असतील तर अ‍ॅस्परॅगस डेन्सिफ्लोरस. दोन्ही सुंदर आहेत, पण औषधासाठी लावत असाल तर उपयोगाच्या नाहीत. मूळ औषध म्हणून घ्यायचं असेल तर वनस्पतीची ओळख जाणकाराकडून करून घ्याच, आणि किती, कसं घ्यायचं ते वैद्याला विचारा. लाल फळं मात्र खायची नाहीत, लहान मुलं असतील तर वेल त्यांच्या हाताला लागणार नाही असा ठेवा.

औषधी मुळ्या काढण्याजोग्या व्हायला बियांपासून दीड ते तीन वर्षं लागतात. घाई असेल त्याने जुन्या वेलीचा गड्डा फोडून डोळ्यासह तुकडा लावावा, तो लवकर तयार होतो. तरीही बियांपासून लावणाऱ्यांबद्दल मला विशेष आपुलकी आहे. जंगलातली शतावरी मुळांसाठी उपटली जाते, मुळं काढली की बहुधा वेलच जातो, आणि बियांपासून वाढवलेला प्रत्येक वेल तेवढा एक जंगली वेल वाचवतो.

पुढच्या पेरणीसाठी बी धरताना

स्वतःच्या वेलीला फळं येऊ लागली की बियाण्याच्या निम्म्या अडचणी मिटतात. पूर्ण रंगलेली, बोटाने हलकेच ओढल्यावर सुटणारी फळंच घ्या, हिरवी नकोत. पक्षी टपलेले असतात म्हणून घोसावर पातळ कापडाची पिशवी बांधा. फळं चाळणीत चोळून गर पूर्ण धुऊन टाका. बीला चिकटून राहिलेला गर उगवणही अडवतो आणि बुरशीही आणतो. धुतलेल्या बिया सावलीत कागदावर पसरून आठवडाभर वाळवा. प्लास्टिकच्या पिशवीऐवजी कागदी पाकिटात, थंड कोरड्या जागी ठेवा आणि त्याच वर्षीच्या उबदार दिवसांत पेरून टाका. पाकिटावर फळं तोडल्याची तारीख आणि कुठल्या वेलीच्या आहेत ते लिहा, म्हणजे कागदावरच्या चाचणीत आकडा कमी आला तर दोष बीच्या वयाचा की कच्च्या फळांचा, ते शोधता येईल.